जांभळ्या टोपीच्या दोन नळ्या

चंचल उपाशी होती, आणि त्या उपाशी राहण्यातच सगळ्या घराचा आनंद होता.

श्रावणात कानबाई देवी घरी बसते त्या रविवारी गोडादऱ्याच्या या घरातल्या बायका आरतीपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नसत. फक्त धाकटी सून, चंचल, गेली सहा वर्षं दुपारी आतल्या खोलीत दाराआड बसून डाळभात खायची. तिच्या रक्ताच्या कर्करोगाची गोळी रिकाम्या पोटी चालत नव्हती. सासूनं, धुरपदाबाईंनी, तिला कधी अडवलं नाही. पण ताट सरकवताना एखादं वाक्य भातासोबत वाढलं जायचंच. "खा माय, खा. कानबाई थांबंल तुझ्यासाठी. तिले कुठं गाडी पकडायची शे!"

आज ते ताट वाढायचं कारणच उरलं नव्हतं. काल संध्याकाळी लखनच्या मोबाइलवर रिपोर्ट आला आणि त्यानं तो धावत जाऊन मोठ्या वहिनीच्या हातात दिला. उज्ज्वला महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायची, म्हणून घरात इंग्रजी कागद आला की आधी तिच्याकडे जायचा. तिनं ठळक अक्षरांतली ओळ वाचली, "नॉट डिटेक्टेड," आणि वर्गात सांगावं तसं सगळ्यांना सांगितलं, "सापडला नाही. आजार सापडला नाही."

लखन तिथंच जिन्यावर बसून रडला होता. पस्तिशीचा गडी, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर बारा-बारा तास उभा राहणारा, पण रडला.

दोन वर्षांतला हा आठवा रिपोर्ट होता. गोळीनं आजार दबतो. पण दबला म्हणजे गेला असं नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि लाखात एखादी वाईट पेशी लपून बसली आहे का ते शोधायचं. सलग दोन वर्षं आकडा तळाला राहिला, तर गोळी थांबवून पाहता येईल. मग काही दिवस दर महिन्याला रक्त. आणि सगळं जागच्या जागी राहिलं, तर मूल. गोळी चालू असताना मुलाचा विचारही करायचा नव्हता. सात रिपोर्ट चांगले आले होते. चंचल बत्तीस वर्षांची झाली होती.

डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला होती. पण तोवर थांबतो कोण? "उद्या कानबाई," थोरला हेमराज काल म्हणाला होता, "उद्यापासूनच गोळी बंद. याच्यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता?" कोणीच नाही म्हटलं नाही. धुरपदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.



आता दुपारचे दोन वाजले होते. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, बाहेरच्या खोलीत हेमराज आणि लखन चौरंगाला केळीचे खांब बांधत होते. कोसाडहून आलेली धुरपदाबाईंची धाकटी जाऊ केशरबाई परातीपाशी बसून नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळत होती आणि तोंडानं त्याहून जास्त मळत होती.

"जिजी, मी तर अख्ख्या कोसाडले सांगून आली. भाऊबंदांत एक घर नही सोडलं. आता पुढच्या साली रोटाचे गहू मोजाल ना, तर एक मूठ जास्त धरजा!"

घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू, असा या घराचा रोटाचा हिशोब. धुरपदाबाईंचा नवरा राघो गेल्यापासून तो दोनच माणसांवर आला होता. हेमराजला एकच मुलगी.

"मुलगी झाली तर, काकू?" चंचल हसून म्हणाली. ती विळीवर गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, फोडी करत होती. उपासानं तिचा चेहरा उतरला नव्हता, उलट उजळला होता. "मुलीची मूठ मोजायची नाही का?"

"मोजू व माय! तुझ्या पोरीची दोन मुठी मोजू!"

उज्ज्वलासुद्धा हसली. तिच्या मुलीची मूठ एकोणीस वर्षांत कोणी मोजली नव्हती. एरवी तिनं ते ऐकवल्याशिवाय सोडलं नसतं. आज तीही चंचलच्या बाजूला सरकून बसली होती. या दोन जावा एका पाटावर धुरपदाबाईंनी कधी पाहिल्या नव्हत्या.

त्या चुलीपुढे होत्या. पुरण ढवळत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे जांभळ्या टोपीच्या दोन नळ्या होत्या.

एवढं सगळं घडलं ते त्यांच्याच हट्टापायी. रिपोर्ट कानबाईच्या आत हवा, हे त्यांनीच धरून ठेवलं होतं. दवाखान्याच्या लॅबला पंधरा दिवस लागायचे, म्हणून हेमराजनं ओळखीतून दुसरी लॅब गाठली. आठ दिवसांत देऊ म्हणाले. त्यांचा माणूस, नितीन, नऊ दिवसांपूर्वी, शुक्रवारी दुपारी घरी येऊन रक्त काढून गेला. त्याला अजून चार घरं करायची होती. नळ्या इथंच फ्रिजमध्ये ठेवा म्हणाला, सकाळी गाडी येऊन नेईल. जाताना दारातून ओरडला, "मावशी, थंडच राहू द्या हां! गरम झालं तर कामाचं नाही!"

चंचल पडायला वर गेली. धुरपदाबाईंनी फ्रिज उघडला. त्याच दिवशी सकाळी तो त्यांनी गोमूत्र शिंपडून पुसून घेतला होता. वरच्या फळीवर कानबाईचं तूप, गावाकडून आलेली डाळ, आणि त्याला टेकून रक्त. सुनेचं असलं तरी रक्तच. त्यांनी पिशवी दोन बोटांत धरली आणि मागच्या गॅलरीत पत्र्याखालच्या फळीवर नेऊन ठेवली. घटकाभरानं काहीतरी सोय करू म्हणाल्या. मग भांडी घासायला काढली, मग शेजारच्या सरलाबाई आल्या, आणि शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी गाडी आलीच नाही. पाऊस चार दिवस दडी मारून बसला होता. पत्रा असा तापला होता की मांजरही त्याच्यावर पाय ठेवत नव्हतं. संध्याकाळी गाडीचा हॉर्न ऐकला तेव्हा त्यांना आठवण झाली. त्या धावल्या, पिशवी उचलली, आणि गाडीवाला जिना चढून येईपर्यंत बर्फाच्या कप्प्यात कोंबून गार करून त्याच्या हातात दिली.

तेव्हा त्यांना वाटलं होतं, बिघडलं असेल तर लॅबवाले सांगतील, पुन्हा काढू. फार तर रिपोर्ट वाईट येईल, दोन दिवस घाबरू. बिघडलेल्या रक्ताचा रिपोर्ट चांगला येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

काल रात्रभर त्यांना उधन्याची मिल आठवत राहिली. बावीस वर्षं त्यांनी तिथं कापडाचे ताके तपासले होते. शंभर मीटरचा ताका खालून दिवा असलेल्या काचेवरून ओढायचा आणि तुटलेली तार शोधायची. अक्षर येत नव्हतं, पण तारेचा दोष धुरपदाबाईंच्या नजरेतून सुटत नाही, असं मुकादम नव्या बायकांना सांगायचा. एकदा टेबलाखालचा दिवा गेला आणि सेठला घाई होती. त्या दिवशी तीसच्या तीस ताके निर्दोष निघाले. एकातही तार तुटलेली नाही. सगळ्यांवर शिक्का पडला.

चमच्याला पुरण चिकटू लागलं. त्यांनी आच बारीक केली.

"उज्ज्वला."

"काय आत्याबाई?"

"त्या कागदावर लिहिलं शे का, किती पाहिलं ते?"

"किती म्हणजे?"

"नाही सापडला म्हणता ना? मंग किती कापड पाहून नाही सापडला? हातभर पाहून की अख्खा ताका पाहून?"

उज्ज्वला हसली. "आत्याबाई, ते रक्त आहे. त्याला मीटर नसतो."

"डॉक्टरनंच सांगितलं होतं ना, लाखात एक शोधतो म्हणून? लाख पाहिले का, ते लिहिलं शे का, एवढंच विचारते. तुले वाचता येतं म्हणून विचारते. मले येत असतं तर तुझ्या पाया पडली नसती."

"पाया कधी पडलात?" उज्ज्वलाचा जुना स्वर परत आला.

बाहेरून लखन आत डोकावला. त्याच्या हातात सुतळी होती. "माय, काय चालू केलं? मशीन बतावतं, माणूस नाही. मशीन खोटं बोलत नाही."

"माझ्या टेबलाचा दिवा बी खोटं बोलत नव्हता. विझला होता फक्त. विझलेल्या दिव्यावर सगळाच माल चांगला दिसतो, लखन."

विळीवरचा आवाज थांबला. चंचलनं फोड खाली ठेवली.

"आत्याबाई, सरळ बोला. तुम्हाला रिपोर्ट खोटा वाटतो?"

"मी कुठं म्हटलं—"

"मग काय म्हणताय? काल सगळं घर हसलं, तुम्ही नाही हसल्या. मी पाहिलं. मला वाटलं, वय झालं, थकल्या असतील." चंचलचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं तुम्ही मला सणाला, बारशाला, मूल नाही म्हणून कुठं कुठं काय काय म्हटलं ते माझ्याकडे सगळं आहे. मग हा आजार निघाला आणि तुम्हाला कारण मिळालं. आता कारण संपतंय तर तुम्हाला करमत नाही का?"

"चंचल!" हेमराज दारात आला. "आजच्या दिवशी?"

"आजच्याच दिवशी, दादा. आज मी पण उपाशी आहे."

धुरपदाबाईंच्या तोंडात जवाब तयार होता. असे जवाब त्यांच्याकडे कधी कमी पडले नव्हते. दारावर आलेल्या व्याह्यालाही त्यांनी दोन वाक्यांत परत पाठवलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. एक वाक्य, आणि पोरगी गप्प झाली असती. आरती झाली असती, रोट खाल्ले असते, आणि गोळी सुटली असती.

त्यांनी चमचा पातेल्याबाहेर काढून ठेवला.

"त्या नळ्या फ्रिजमधी नव्हत्या," त्या म्हणाल्या.

"कोणत्या नळ्या?" लखन.

"तुझ्या बायकोच्या रक्ताच्या. मी काढून ठेवल्या. कानबाईच्या तुपाजवळ रक्त नको म्हणून. मागच्या गॅलरीत होत्या, पत्र्याखाली. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी संध्याकाळपावेतो. गाडीवाला आला तवा बर्फात घालून दिल्या."

शेजारच्या घरातून कानबाईचं गाणं स्पीकरवर मोठ्यानं लागलं होतं, ते तसंच चालू राहिलं.

पहिली सावरली ती केशरबाई. "असं काही नसतं जिजी! देवीच्या घरात होत्या ना? देवीनं राखल्या असतील. आज शंका काढू नका, मी अख्ख्या भाऊबंदांत सांगून बसली!"

"मग आता परत जाऊन सांग."

हेमराजनं हात पुसले. घरात काही फुटलं की तो आधी तुकडे झाकायला बघायचा, लहानपणापासून. "हे बघा, माय बोलली, मन मोकळं झालं. पण रिपोर्ट आलाय ना? बिघडलं असतं तर त्यांनी दिलाच नसता. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. बारा तारखेला डॉक्टरांना दाखवू, ते बघतील. आज घरात रडारड नको."

"बारा तारीख कधी, दादा?" लखन म्हणाला. "अठरा दिवस. अठरा दिवस ही गोळीशिवाय राहील, कशाच्या भरवशावर?" आणि मग आईकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा असेल, "तू काय केलं माय? तुला कळतं तरी का काय केलं?"

"कळतं. म्हणून तर बोलते. नही तर तुझ्यासमोर नाक घासायची हौस नव्हती मले."

उज्ज्वला या सगळ्यात उठली होती. तिनं लखनच्या खिशातून मोबाइल काढून घेतला आणि खिडकीपाशी जाऊन रिपोर्ट उघडला. बोटानं वर सरकवला. पुन्हा सरकवला. तिचं वाचणं नेहमी ओठ हलवून व्हायचं; पोरांना शिकवून शिकवून लागलेली सवय. आता ओठ हलता हलता थांबले.

"दुसरं पान आहे," ती म्हणाली.

"काय?"

"याला दुसरं पान आहे. मी काल उघडलंच नाही." ती सगळ्यांकडे नाही, धुरपदाबाईंकडे बघत होती. "इथं लिहिलंय. ते आजाराच्या आधी एक दुसरी चांगली खूण मोजतात, रक्त तपासण्याजोगं आहे का ते कळायला. ती खूण कमीत कमी दहा हजार सापडायला हवी. इथं अठराशे सापडली. खाली बारीक अक्षरांत... नमुना अपुरा. पुन्हा पाठवावा."

"म्हणजे?" हेमराजनं विचारलं.

"म्हणजे आत्याबाई विचारत होत्या तेच. ताका नाही पाहिला. हातभरच पाहिला." तिनं मोबाइल उलटा धरला, जणू तो तिच्याकडे बघत होता. "मी मास्तरीण. मी पहिलं पान वाचून पेढे वाटले."

"तू नव्हती तिथं," धुरपदाबाई म्हणाल्या. "मीच घाई केली. तुझं पान, माझा पत्रा. माझं मोठं शे, त्याच्यात वाटा मागू नको."

उज्ज्वलाला हे वाक्य कसं घ्यावं ते कळलं नाही. बोचरं होतं, पण तिच्या बाजूचं होतं. वीस वर्षांत सासूनं तिच्या अंगावरची चूक स्वतःकडे ओढल्याचं तिला आठवत नव्हतं.

चंचल अजून विळीपुढेच होती. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि बोटांना लागलेला भोपळ्याचा रस वाळत होता. लखन तिच्याजवळ जाऊन बसला, तिनं त्याला हातानं दूर केलं.

"म्हणजे आजार आहे, असं नाही ना?" तिनं उज्ज्वलाला विचारलं.

"नाही. आहे असंही नाही, नाही असंही नाही. काहीच कळलं नाही."

"काहीच कळलं नाही," चंचलनं ते शब्द हळूच पुन्हा म्हटले. मग ती धुरपदाबाईंकडे वळली. "तुम्ही आज बोलल्या नसत्या तर?"

"तर तू गोळी सोडली असती."

"पुढच्या महिन्याला डॉक्टरांनी पकडलंच असतं. दुसरं पान त्यांनी वाचलंच असतं."

"असतं."

"मग अठरा दिवस मला... मला अठरा दिवस तरी मिळाले असते, आत्याबाई. बरं झाल्यासारखे."

धुरपदाबाई म्हणाल्या, "मी तुझे ते दिवस खाल्ले. तुले जे म्हणायचं ते म्हण. पण तुझं रक्त बिघडवून मंग तुले हसत बसलेली पाहणं, ते मले जमंना. रात्रभर केलं, नाही जमलं."

चंचल उठली. नळाखाली हात धुतले, सावकाश, बोटागणिक. आतल्या खोलीत गेली आणि गोळीची पट्टी घेऊन बाहेर आली.

"पाणी द्या," ती म्हणाली.

ती लखनला म्हणाली असं सगळ्यांना वाटलं, आणि लखन उठलाही. पण ती सासूकडे बघत होती.

"रिकाम्या पोटी नको," धुरपदाबाई म्हणाल्या. "मळमळ होते तुले."

त्यांनी ताट घेतलं. घरात आज कानबाईच्या नैवेद्याशिवाय दुसरं काही शिजलं नव्हतं. त्यांनी भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, पहिला डाव चंचलच्या ताटात घातला, त्यावर खीर ओतली.

"जिजी!" केशरबाईचा हात पिठात थांबला. "देवीच्या आधी?"

"देवीले गोळी नाही घ्यायची," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि तांब्या भरून ताटाशेजारी ठेवला.

चंचल आतल्या खोलीत गेली नाही. तिथंच, सगळ्यांसमोर, जमिनीवर बसून जेवली. खीर संपवली, गोळी घेतली, तांब्यातलं सगळं पाणी प्यायली. मग तोंड पुसत म्हणाली, "उद्या सकाळी रक्त द्यायचंय. दवाखान्याच्याच लॅबमध्ये. तिथंच काढतात, तिथंच तपासतात. मला लखन नकोय सोबत. तुम्ही चला."

"उद्या?" हेमराज म्हणाला. "उद्या कानबाई उठणार. माय कशी येईल? मंगळवारी जा."

उद्या तापीवर कानबाईचं विसर्जन होतं. एकतीस वर्षं या घराची कानबाई धुरपदाबाईंच्या डोक्यावरून नदीला गेली होती. राघो गेल्यावर भाऊबंदांतल्या दोघीतिघींनी विधवेनं घेऊ नये असं कुजबुजून पाहिलं. त्यांना धुरपदाबाईंनी एवढंच विचारलं होतं की, कानबाईनं सांगितलं का तुम्हाला? त्यानंतर कोणी तोंड उघडलं नाही. त्या पुढे, आणि गल्लीभरच्या बायका मागे.

मंगळवार चालेल असं चंचलनं म्हटलं नाही, आणि उद्याच हवं असंही पुन्हा म्हटलं नाही. ती फक्त वाट बघत होती.

"उज्ज्वला," धुरपदाबाई म्हणाल्या, "उद्या कानबाई तू घे."

उज्ज्वलानं मोबाइल खाली ठेवला. "मी?"

"का? डोकं नाही का तुले? मान ताठ ठेवजो, आणि पुलावर घाई करू नको. गाडीवाले हॉर्न मारतात, मारू दे."

"पण आत्याबाई, सगळे विचारतील. तुम्ही का नाहीत म्हणून."

"सांग, सुनेसोबत दवाखान्यात गेली."

"का गेली, ते विचारतील."

धुरपदाबाईंनी पदर खोचला आणि पुन्हा चुलीपुढे बसल्या. पुरण तळाशी थोडं लागलं होतं.

"तेही सांग," त्या म्हणाल्या.